निरोप्याने पदरचं घालू नये

७ एप्रिल, सोमवार

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मला काम मिळालं. देणारी माझी पुतणी निशिगंधा, भिकाजीदादाची मुलगी. पुण्यात एका कंपनीत आहे. त्यांनी 'निरोप्या' नावाचं साधन बनवलंय. ते लोकांच्या फोनवर निरोप पाठवतं, पोचला का ते बघतं, उत्तर आलं की घेऊन येतं. ते वापरणारा मात्र माणूस नाही. वापरणार एक यंत्रबुद्धीचा मदतनीस, त्याला ते 'एजंट' म्हणतात. महाडात एजंट म्हटलं की विम्याचा नाहीतर आरटीओचा, हा तिसरा. या एजंटाला वाचायला पुस्तिका हवी: निरोप्या काय करतो, केव्हा वापरायचा, केव्हा नाही, उलट जे येतं त्याचा अर्थ काय.

"म्हणजे माणसं हे वाचणारच नाहीत?"

"नाही काका. फक्त एजंट. पण शब्द न् शब्द वाचणार, आणि लिहिलंय तसंच वागणार."

मी इथल्या साप्ताहिकात बावीस वर्षं 'चिमटे' हे सदर लिहिलं. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा चौकशीचे तीन फोन आले, त्यातले दोन रद्दीवाल्याचे. शब्द न् शब्द वाचणारा वाचक मिळतोय, वर आज्ञाधारक! मी तिचं वाक्य पुरं होण्याआधी हो म्हटलं.

शर्मिला म्हणाली, "चला, सांगितलेलं ऐकणारं कुणीतरी भेटलं तुम्हाला. माझी सुटका."

बायकोचं मत मी नोंदवून ठेवतो, मनावर घेत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आधीची पुस्तिका इंजिनियरांनी लिहिलेली. एकूण दोन ओळी. "हे साधन निरोप पाठवते. निरोप पाठवायचा असल्यास वापरावे." यापेक्षा आमच्या एसटी स्टँडवरची पाटी बोलकी आहे.

मी पहिला खर्डा लिहिला. सवयीने एक चिमटाही घातला: "साहेब लोक दहाच्या आत उठत नाहीत, उठले असल्याची खात्री करूनच निरोप पाठवावा." दुपारी निशीने त्यांच्या चाचणीच्या खिडकीत माझी एजंटाशी गाठ घालून दिली. मी सांगितलं, दूधवाल्याला निरोप पाठव, उद्या अर्धा लिटर जास्त. एजंट म्हणाला, "अवश्य. त्याआधी, साहेब उठले आहेत का?"

पुढच्या चौदा निरोपांना चौदा वेळा हाच प्रश्न. गॅसवाल्यालासुद्धा.

बावीस वर्षांत माझा एकही विनोद कुणी इतक्या गांभीर्याने घेतला नव्हता. वाक्य खोडलं. खोडताना जिवावर आलं.

१२ एप्रिल, शनिवार

निशीचं लग्न अठरा मेला आहे, वाडीवर, आंबेनळी घाटाच्या वाटेला दादाच्या घरासमोर मांडव. हे मला शर्मिलाने सांगितलं, तिला दादाने. दादा आणि मी आठ वर्षं बोलत नाही. पण आमच्यात अबोला असला तरी दळणवळण उत्तम आहे. मी शर्मिलाला सांगतो, ती दर रविवारी दादाला फोन लावते, दादाचं उत्तर मला सांगते.

कारण अगदी क्षुल्लक. दादा ग्रामपंचायतीला उभा होता. निशाणी छत्री, बारा महिने काखोटीला काळी छत्री मारून फिरणाऱ्या माणसाला दुसरी काय मिळणार? पडला. मी सदरात 'छत्री उलटली' म्हणून दोन रकाने लिहिले: वाऱ्याचा अंदाज न घेता छत्री उघडणारा उमेदवार तीन मतांनी कसा भिजला वगैरे. लेख फर्मास जमला होता. माझं नि शर्मिलाचं नाव तेव्हाही वाडीच्याच मतदार यादीत होतं, आजही आहे. पण मतदानाच्या दिवशी नेमका मजकूर द्यायचा होता, त्यामुळे आमचं जाणं झालं नाही. नाहीतर प्रत्यक्ष पाहून आणखी खुलवता आला असता. दादाला विनोदबुद्धी नाही, एवढाच काय तो प्रश्न.

लग्नाचं आमंत्रण अजून नाही. आमच्यात भावाने भावाच्या घरी येऊन हातावर अक्षत ठेवल्याखेरीज आमंत्रण होत नाही. आणि ज्या पोरीला मी पाटीवर पहिलं अक्षर गिरवून दिलं, तिच्या लग्नात मी बिनअक्षतीचा जाणार नाही. तसं मला काही वाटत नाही. फक्त नोंद.

१४ एप्रिल, सोमवार

नियम पाचवा लिहिला. हा माझ्या आयुष्याचं सार आहे: "निरोप देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पोचवावेत. पदरचं घालू नये, गाळू नये, गोड करू नये." बावीस वर्षं संपादकाने माझ्या वाक्यांची नखं कापली. माझ्या हाताखालच्या निरोप्याला ते जमणार नाही.

शर्मिला उद्या पनवेलला जातेय, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पिशवी भरता भरता म्हणाली, "मी नसताना दादांना काही निरोपबिरोप देऊ नका. आले की मी बघते."

"माझे निरोप काय जड आहेत का, तूच उचलायला?"

तिने पिशवीची चेन ओढली. तिला अलीकडे उत्तरं सुचत नाहीत.

१६ एप्रिल, बुधवार

निशी म्हणाली, खोट्या नंबरांवर चाचणी पुरे, आता खऱ्या माणसांवर करा, घरच्याच. तिने पाठवलेल्या यादीत पहिलाच नंबर दादाचा. बहुधा चुकून राहिला. मी म्हटलं, असू दे, कामाचं काम होईल.

एजंटाला सांगितलं: "भिकाजींना निरोप दे. पत्रिकेत माझं नाव आहे की नाही ते कळवावं. नसेल तर तसंही कळवावं, म्हणजे त्या दिवशी मला डोकं दुखवून घेता येईल."

शर्मिलाला सांगितलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

दिवसभर 'पोचला नाही'. संध्याकाळी साडेसहाला एकदम 'पोचला'. मग डोक्यात प्रकाश पडला: वाडीवर फोनला रेंज फक्त पाणवठ्याजवळच्या जांभळीखाली मिळते, आणि दादा तिथे येतो शेळ्या खाली आणतो तेव्हा. लगेच नियम सहावा लिहिला: "'पोचला नाही' याचा अर्थ माणूस टाळतोय असा घेऊ नये. शेळ्या अजून खाली आल्या नसतील."

सात वाजता उत्तर आलं. दादा बोलतो, निरोप्या त्याचं लिखाण करून आणतो.

"कोण बोलताय?"

एजंटाने नम्रपणे कळवलं की मी अरविंद यांच्या वतीने निरोप पोचवणारा मदतनीस आहे.

"वकील हाय काय तू? त्याला सांग, डोकं दुखायला आधी असावं लागतं."

मी खुर्चीवरून उठलो. दादा? माझा दादा? गेल्याच रविवारी शर्मिलाने सांगितलं होतं, "दादा म्हणाले, अरविंदला म्हणावं तब्येतीला जप." तीन दिवसांत माणूस इतका बिघडतो?

१७ एप्रिल, गुरुवार

मी उत्तर पाठवलं. शेळ्या खाली आल्या. त्याचं आलं. मी पाठवलं. काल सात, आज अकरा निरोप. एक-दोन नमुने पुराव्यादाखल ठेवतो.

मी: "मांडवाला आचारी चांगला बघावा. वाडीवरच्या मागच्या लग्नातली डाळ अजून ताटातून वाहते आहे."

तो: "त्याला सांग, त्याच्या लेखापेक्षा घट्ट होती."

मग मात्र एक विचित्र वाक्य: "हां, हा माझाच भाऊस. इतकी वर्षं कोण दुसराच गोडबोल्या बोलत होता. म्हटलं, महाडात राहून बिघडला की काय."

गोडबोल्या कोण? एजंटाला विचारलं. तो म्हणाला, उपलब्ध माहितीवरून सांगता येत नाही. मलाही येत नाही.

अत्यंत मनस्ताप होतो आहे. उद्यासाठी तीन उत्तरं आजच लिहून ठेवली.

१९ एप्रिल, शनिवार

पुण्याहून निशीचा फोन. हसू दाबत होती. कंपनीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं, आमच्या दिल्लीच्या कचेरीत निरोप का पोचला नाही. एजंटाने उत्तर दिलं: "शेळ्या अजून खाली आल्या नसाव्यात."

"काका, दिल्लीत पाच जणांची बैठक बसली. शेळ्या म्हणजे नेमकं काय, यावर."

"निष्कर्ष काय निघाला?"

"सर्व्हर."

नियम सहावा सुधारून घेतला: 'काही ठिकाणी दिवसातून ठरावीक वेळीच रेंज असते.' सुधारला म्हणजे नखं कापली. संपादक कसे तयार होतात ते कळलं.

"आणि बाबांशी चाललंय ना बरं?" तिने सहज विचारलं.

"भयंकर चाललंय. आज चौदा झाले."

"अरेरे," ती म्हणाली. आवाजात दुःख दिसलं नाही. हल्लीच्या मुली कोरड्या.

२३ एप्रिल, बुधवार

शर्मिला परतली. मी तिला सगळे निरोप वाचून दाखवले, दादाचं खरं रूप कळावं म्हणून. ती पिशवी तशीच हातात धरून ऐकत होती. संपल्यावर खाली बसली.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षं दर रविवारी तुमचं टोचणारं पुसून सांगितलं त्यांना. त्यांचं पुसून तुम्हाला. तुम्ही म्हणालात, 'त्या म्हाताऱ्याला म्हणावं, शेळ्यांच्या आधी स्वतःला दवाखान्यात ने', तर मी सांगितलं, 'हे म्हणतात, दादा तब्येत जपा.' आणि तुमच्या निरोप्यानं सात दिवसांत..."

"म्हणजे तू माझे शब्द बदललेस?"

"नाही, शिजवले."

नियम पाचवा माझ्याच घरात आठ वर्षं मोडला जात होता! मी बोलणार होतो, पण तिचं तोंड पाहून बेत बदलला.

"ते चिडलेत का आता?" तिने विचारलं.

"चिडलाय कसला. रोज सातला हजर असतो."

तिने पिशवी सोडायला घेतली. मग म्हणाली, "पुस्तिकेत एवढं तरी लिहा. पाठवायच्या आधी देणाऱ्याला विचार म्हणावं, हेच पाठवायचं का? शुद्धीवर आहेस का?"

शुद्धीचं गाळलं. बाकी नियम आठवा म्हणून घेतलं: "पाठवण्याआधी मजकूर देणाऱ्याला वाचून दाखवावा आणि विचारावं, हेच पाठवायचं?" बायकोला श्रेय दिलं नाही, पुस्तिकेत तशी जागा नसते.

२४ एप्रिल, गुरुवार

आज ढग दाटले होते. सुचलं, आणि सुचलेलं मला ठेवता येत नाही. एजंटाला सांगितलं: "भिकाजींना निरोप: हवा फिरली आहे. छत्री यंदा तरी सरळ राहील ना?"

एजंटाने मला वाचून दाखवलं. विचारलं, "हेच पाठवायचं?"

हो म्हटलं. नियमाप्रमाणे त्याने विचारलं आणि नियमाप्रमाणे मी उत्तर दिलं. त्याची काही चूक नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

साडेसहाला 'पोचला'. सहा पस्तीसला 'वाचला'.

सातला काही नाही. आठलाही नाही.

२६ एप्रिल, शनिवार

उत्तर नाही.

आणि आता नियम नववा, जो मीच मोठ्या ऐटीत लिहिला होता: "उत्तर न आल्यास दिवसाआड तोच निरोप पुन्हा पाठवावा. असं तीनदा." आज एजंटाने दादाला पुन्हा विचारलं, छत्री यंदा तरी सरळ राहील ना.

२८ एप्रिल, सोमवार

पुन्हा विचारलं.

मी एजंटाला म्हटलं, बाबा, थांब. तो म्हणाला, "एकदा लावलेली आठवण थांबवण्याविषयी पुस्तिकेत काही आढळलं नाही." पुस्तिका माझी. मी पाठवण्याबद्दल सतरा पानं लिहिली. थांबण्याबद्दल एक ओळ नाही. निशीला फोन केला. ती म्हणाली, "ती सोय पुढच्या महिन्यात येणार आहे, काका. आणि खरं सांगू, नियम तुमचा, भाऊ तुमचा. मी मध्ये पडणार नाही." लग्न तिचं आहे, याची मी तिला आठवण करून देणार होतो.

शर्मिलाला म्हटलं, तू एक फोन लाव ना, तुझ्या पद्धतीनं.

"मी राजीनामा दिलाय," ती म्हणाली. "नवा माणूस ठेवलात ना कामाला?"

३० एप्रिल, बुधवार

तिसऱ्यांदा विचारलं. 'वाचला.'

लग्नाला अठरा दिवस. कपाटातून शर्मिलाने माझा जुना कोट काढून वाळत घातला होता. मी तो आत आणून ठेवला. तिने तो पुन्हा बाहेर घातला.

२ मे, शुक्रवार

सकाळी एजंटाचा अहवाल:

"भिकाजी यांना मूळ निरोप आणि तीन आठवणी पाठवल्या. सर्व वाचले गेले. उत्तर नाही. नियम नऊच्या शेवटच्या वाक्याप्रमाणे हे काम माणसाकडे सोपवत आहे. माणूस: अरविंद."

नियम नऊचं शेवटचं वाक्य मी विसरलो होतो. काढून पाहिलं: "तरीही उत्तर न आल्यास साधन बंद करून माणसाने स्वतः जावं." भाषा चांगली आहे. निर्विवाद माझी.

३ मे, शनिवार

पुस्तिका आज पूर्ण करून पाठवली. नियम दहावा नवा आहे: "दोघांमध्ये फक्त बाकडं असेल तेव्हा हे साधन वापरू नये." निशीने काहीही न विचारता मंजूर केला. डायरीत मात्र सविस्तर लिहितो.

सकाळच्या एसटीने पोलादपूरला उतरलो. वाडीकडे जाणारी गाडी दीड तासाने होती. स्टँडसमोर चांगूच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि काय बोलायचं ते मनात जुळवू लागलो. चार खर्डे झाले, चारही विनोदी निघाले. एवढ्यात वरून येणारी गाडी लागली. दारातून आधी काळी छत्री उतरली, मागून दादा.

आठ वर्षांत वाळलाय. मला पाहून तो थबकला. परत चढावं की काय असा विचार केलेला मी पाहिला, पण गाडी हलली होती. आला, आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये पाण्याचा जग.

"चांगू," मी म्हटलं, "त्यांना विचार, चहा घेणार का."

चांगूने मान वळवली. "भिकाजी, च्या?"

"त्याला सांग, मी घरनं पिऊन निघालोय."

"त्यांना सांग, घरचा चहा घाट उतरेपर्यंत टिकत नाही."

"त्याला सांग, महाडच्या पाण्यापेक्षा..."

चांगूने गाळणं आपटलं. "मी काय तुमचा मोबाईल हाय? एक बाकडा, दोन भाऊस, नि मधी मी! बोलायचा तर बोला, नायतर उठा. गिऱ्हाईक उभा हाय."

मग दादा बोलला. माझ्याकडे न बघता, पण मला.

"दोन."

"काय दोन?"

"मी तीन मतांनी नाय पडलो. दोन मतांनी पडलो. तू पेपरात तीन लिवलंस."

मला हसूच आलं. "अरे दादा, आठ वर्षं एवढ्यासाठी? तेव्हाच सांगायचंस. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली असती."

"दोन," तो पुन्हा म्हणाला. "वाडीच्या यादीत तुमच्या घरची नावं किती रे?"

मी हिशेब केला. मोठा नव्हता.

"दोघं आला असतास तर बरोबरी झाली असती. मग चिठ्ठी निघाली असती. चिठ्ठीत पडलो असतो तर म्हटलं असतं, देवीनं पाडला. भावानं पाडला असं कसं सांगू रे लोकांत? म्हणून गप राहिलो. वर तू लेख लिवलास. छत्रीचा काय नाय, छत्रीला मीपण हसलो. पन तीन वाचला नि वाटला, ह्याला म्हाईतपन नाय."

मला खरोखरच माहीत नव्हतं. बावीस वर्षं लोकांच्या चुका मोजल्या, आणि एवढा एक आकडा कुणाला विचारला नाही. 'मजकूर द्यायचा होता' हे वाक्य तोंडाशी आलं. ते पाठवलं नाही.

"चुकलं, दादा," म्हटलं.

"हां," तो म्हणाला, आणि चांगूकडे वळला. "दोन च्या दे."

चहा आल्यावर मी विचारलं, "मग दहा दिवस उत्तर का नाही दिलंस? मी तर समजलो, छत्रीवरून..."

"अक्षतीचे तांदूळ काढले की ते देवीला लागल्याबिगर भावकीत तोंड उघडायचा नाय, इसरलास सगळा? चोवीस तारखेला तांदूळ काढले, भटजीनं कालचा दिवस दिला होता. काल लागली. आज पयली तुझ्याकडं निघालो." त्याने खिशातून कुंकवाने लालसर झालेली पुडी अर्धी बाहेर काढली. "नि तो तुझा वकील रोज छत्री छत्री करतोय. त्याला कळत नाय, तुला तरी कळावा."

मी सवयीने हात पुढे केला. त्याने पुडी पुन्हा खिशात टाकली.

"हितं नाय. अक्षत टपरीवर घेतात काय रे? घरी. शर्मिलाच्या हातावर आधी. तिनं सांभाळलंय इतकी वर्षं, मला काय कळत नव्हता? असला गोड बोलणारा आमच्या खानदानात कोण झालाच नाय."

म्हणजे त्याला माहीत होतं. फक्त मला नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा त्याने घेतली, मोठा म्हणून. छत्री दोघांच्या मध्ये उभी. नडगावच्या पुढे गेल्यावर म्हणाला, "हे पन लिवशील तू."

"लिहीन."

त्याने कलंडलेली छत्री सरळ केली.

"लिव," दादा म्हणाला. "पन आकडा नीट टाक."